पायरीपासून भटारखान्यापर्यंत

रमजानच्या दिवसांत संध्याकाळी माहीमच्या दर्ग्याच्या बाजूने चालत गेलं, तर काही हॉटेलांसमोर एक दृश्य हमखास दिसतं. दर्शनी भागात मोठी पातेली, आत जेवणारं गिऱ्हाईक आणि बाहेर, पायरीच्या खाली, रांगेत उकिडवी बसलेली माणसं. ती कुणाशी बोलत नाहीत, हातही पसरत नाहीत. कुणीतरी येतो, गल्ल्यावर पैसे ठेवतो, ‘दस आदमी’ म्हणतो आणि निघून जातो. गल्ल्यावरचा माणूस आवाज देतो, रांगेतले पहिले दहा उठतात, त्यांना सालन-रोटी मिळते. उरलेले पुढचा दाता येईपर्यंत बसून राहतात. हे वर्षभर चालतं. रमजानमध्ये दाते वाढतात, तशी रांगही वाढते.

या पद्धतीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. इथे कुणी कागद मागत नाही, जात-धर्म विचारत नाही, फोटो काढत नाही. घेणाऱ्याचा चेहरा देणारा धड बघतही नाही, त्यामुळे उपकाराचं ओझं कुणाच्या डोक्यावर चढत नाही. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, ही सदक्याची जी रीत आम्हाला लहानपणी शिकवली जाते, ती इथे आपोआप पाळली जाते. भुकेल्याला आधी जेवू घालावं, बाकीचे प्रश्न नंतर. याबद्दल दुमत असूच नये.

पण ते ‘नंतर’ कधी येतं? आज जेवलेला माणूस उद्या त्याच पायरीखाली असतो, परवाही असतो. आत टेबलं पुसायला पोऱ्या हवा असतो, मोरीवर भांड्यांचा ढीग पडलेला असतो, वस्ताद रोज मालकाशी ‘माणूस द्या’ म्हणून भांडत असतो. बाहेर काम नसलेली माणसं आणि आत माणसं नसलेलं काम. मध्ये जेमतेम सहा फूट अंतर. हे सहा फूट ओलांडायला नेमकं काय लागतं, याचा विचार जगातल्या काही शहरांतल्या लोकांनी चिकाटीने केला आहे. त्यांनी बेघर माणसाला जेवू घालणारी नव्हे, तर स्वयंपाक शिकवून नोकरीला लावणारी हॉटेलं आणि भटारखाने उभे केले. त्यांच्याबद्दल लिहिण्याआधी मदिनेतला एक प्रसंग सांगायला हवा. रमजानच्या बयानांमध्ये तो अनेकांनी ऐकलेला असेल, पण त्यातल्या बारकाव्यांकडे आपलं लक्ष फारसं जात नाही.

हजरत अनस (रजि.) यांच्या हवाल्याने ‘सुनन अबू दाऊद’मध्ये ही हदीस येते. मदिनेतला एक अन्सारी माणूस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे काही मागायला आला. प्रेषितांनी विचारलं, घरात काहीच नाही का? तो म्हणाला, एक जाडंभरडं कापड आहे, अर्धं पांघरतो, अर्धं अंथरतो. आणि पाणी प्यायचा एक वाडगा आहे. प्रेषितांनी दोन्ही वस्तू मागवून घेतल्या आणि तिथल्या तिथे लिलाव केला. कुणी एक दिरहम म्हणालं. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, जास्त कोण देतो? शेवटी दोन दिरहम आले. ते त्या माणसाच्या हातावर ठेवून सांगितलं, एका दिरहमचं अन्न घेऊन घरी दे आणि दुसऱ्याचं कुऱ्हाडीचं पातं घेऊन ये. पातं आल्यावर त्याला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला. मग म्हणाले, जा, लाकडं तोड आणि वीक, पंधरा दिवस मला दिसू नकोस. पंधरा दिवसांनी तो आला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते. त्याने काहींचं कापड घेतलं, काहींचं धान्य.

ही गोष्ट बहुतेक वेळा ‘भीक मागू नका’ या उपदेशासाठी सांगितली जाते, आणि तो उपदेश हदीसमध्ये आहेच. मला मात्र तिच्यातली क्रमवारी महत्त्वाची वाटते. आधी घरच्यांचं अन्न, मग हत्यार. हत्यार नुसतं देऊन टाकलं नाही, ते वापरण्याजोगं करून दिलं, तेही स्वतःच्या हाताने. काम कोणतं करायचं ते स्पष्ट सांगितलं. मुदत ठरवली. आणि मुदतीनंतर काय झालं ते पाहिलं. नुसतं ‘काम कर’ असं कुणीही सांगतं, त्याला खर्च येत नाही. दांडा बसवायला वेळ द्यावा लागतो.

आणखी एक. त्या अन्सारीला घर होतं. ज्यांना तेही नव्हतं अशांसाठी मदिनेच्या मशिदीतच एक छप्पर घातलेला ओटा होता. त्यावर राहणाऱ्यांना ‘अस्हाबे सुफ्फा’ म्हणतात. ते तिथे झोपत, लोकांनी दिलेलं खात आणि शिकत. त्यांच्यासाठी काही तरुण सहाबी दिवसा लाकडं गोळा करून विकत आणि धान्य आणत. निवारा, जेवण, शिक्षण आणि कष्ट या गोष्टी तेव्हा एकाच आवारात होत्या.

आता वॉशिंग्टनला जाऊ. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या या राजधानीत रस्त्यावर राहणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली होती. रॉबर्ट एगर हा नाइट क्लब चालवणारा तरुण एकदा चर्चच्या गाडीबरोबर बेघरांना जेवण वाटायला गेला. त्याला दोन गोष्टी खटकल्या. एक, वाटायचं अन्न महागड्या दुकानातून विकत आणलेलं होतं. हॉटेलच्या धंद्यातला माणूस असल्यामुळे शहरातल्या मेजवान्यांनंतर किती चांगलं अन्न फेकलं जातं, हे त्याला ठाऊक होतं. दुसरी, पावसात रांगेत उभी असलेली माणसं उद्या पुन्हा त्याच रांगेत येणार होती. त्याने संस्थांना सुचवलं, उरलेलं अन्न गोळा करा आणि ते शिजवायला याच लोकांना शिकवा. संस्थांनी हे जमणार नाही म्हणून सांगितलं. मग त्याने स्वतःच सुरू केलं. जानेवारी १९८९मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्या शपथविधीच्या मेजवान्या झाल्या, त्यांतलं उरलेलं अन्न उचलून ‘डीसी सेंट्रल किचन’चा पहिला दिवस साजरा झाला.

हा भटारखाना पुढे ज्या तळघरात तीस वर्षांहून अधिक काळ चालला, त्याचीही कथा आहे. संसद भवनापासून जवळ असलेली ती सरकारी इमारत बेघरांना निवाऱ्यासाठी मिळावी म्हणून मिच स्नायडर या कार्यकर्त्याने १९८४मध्ये ५१ दिवस उपोषण केलं होतं. अध्यक्षीय निवडणुकीला दोन दिवस उरले असताना रेगन सरकार नमलं. म्हणजे वर बेघरांचा मोठा निवारा आणि खाली त्यांना स्वयंपाक शिकवणारी शाळा.

शिक्षण तीन-साडेतीन महिन्यांचं. त्यात चाकू कसा धरायचा, कच्चं मांस आणि भाजी वेगळी का ठेवायची, अन्न किती अंश तापमानापर्यंत गरम करायचं, शंभर माणसांचं प्रमाण हजारावर कसं न्यायचं, हे सगळं येतं. स्वच्छतेची परीक्षा द्यावी लागते. काही आठवडे बाहेरच्या खऱ्या हॉटेलात उमेदवारी करावी लागते. पण तिथल्या लोकांचं म्हणणं असं, की कांदा चिरायला महिनाभरात येतो. अवघड असतं ते रोज वेळेवर येणं, वस्ताद ओरडला तरी ॲप्रन फेकून निघून न जाणं आणि पहिला पगार हातात आल्यावर जुन्या संगतीकडे पाय न वळणं. म्हणून कांद्याइतकाच वेळ बसून बोलण्याला दिला जातो. यांच्यातले अनेक जण तुरुंगातून सुटलेले, अनेक व्यसनातून बाहेर पडू पाहणारे. त्यांच्या हातचं जेवण निवारा केंद्रांना जातं. शिवाय संस्था केटरिंगची कामं घेते, शहरातल्या शाळांना जेवण पुरवण्याची कंत्राटं घेते, आणि त्यातून शिकून निघालेल्यांपैकी काहींना तिथेच नोकरी मिळते.

इथे थोडं विषयांतर. १९९०च्या दशकात होजे आंद्रेस नावाचा तरुण स्पॅनिश आचारी वॉशिंग्टनला आला आणि याच भटारखान्यात फुकट काम करायला येऊ लागला. पुढे तो नामांकित झाला. २०१०च्या हैती भूकंपानंतर त्याने जी संस्था काढली, तिचं नाव या भटारखान्यावरूनच ठेवलं, ‘वर्ल्ड सेंट्रल किचन’. एप्रिल २०२४मध्ये गाझात इस्रायली हल्ल्यात तिचे सात कार्यकर्ते मारले गेले, तेव्हा रमजानचे शेवटचे दिवस होते. त्या तळघरातल्या चुलीचा धूर इतक्या लांब गेला.

भटारखानाच का? शिवणकाम, गाड्या दुरुस्ती, संगणक असं दुसरं काहीही शिकवता येईल, शिकवतातही. पण हॉटेलच्या कामाला काही सोयी आहेत. या धंद्यात माणसं टिकत नाहीत, त्यामुळे जागा कायम रिकाम्या असतात. शाळेचा दाखला कुणी मागत नाही. पाळीवर असताना जेवण मिळतं, ही रस्त्यावरून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी सगळ्यात मोठी गोष्ट असते. आणि कामाचा निकाल लगेच कळतो. दाळ लागली की नाही, ते पाच मिनिटांत समजतं. ज्याच्याकडे वर्षानुवर्षं कुणी पाहिलं नाही, त्याने केलेलं ताट रिकामं होऊन परत येतं.

मुंबईला हे नवीन वाटायचं कारण नाही. दक्षिण कन्नड भागातून आलेली पोरं उडुपी हॉटेलांत लागायची, तिथेच जेवायची, बाकड्यांवर झोपायची आणि रात्री कानडी रात्रशाळेत शिकायची. मोरीवरून सुरुवात करून पुढे हॉटेलमालक झालेल्यांच्या कथा या शहरात भरपूर आहेत. ती व्यवस्था गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पोरं कोवळी होती, तास अमानुष होते, आणि १० ऑक्टोबर २००६पासून हॉटेल-ढाब्यांत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली ते योग्यच झालं. पण हॉटेल हे एकाच वेळी आसरा, जेवण आणि शाळा असू शकतं, याचा पुरावा आपल्याजवळ आहे. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. कष्टकऱ्यांना परवडेल असं झुणका-भाकरीचं जेवण, ना नफा ना तोटा या तत्त्वावर, देणगीच्या आधाराविना. ते बेघरांसाठीचं प्रशिक्षण नव्हे, पण नफ्याचा हव्यास न ठेवता हॉटेल इतकी वर्षं चालवता येतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला प्रयोग तर निघाला आपल्या शेजारच्या देशातून. जॉश लिटलजॉन आणि ॲलिस थॉम्पसन हे तरुण जोडपं ग्रामीण बँकेच्या मुहम्मद युनूस यांच्या विचाराने भारावलं होतं. हेच ते युनूस, ज्यांना २००६मध्ये शांततेचं नोबेल मिळालं आणि जे २०२४मध्ये बांगलादेशच्या हंगामी सरकारचे प्रमुख झाले. धंदा धंद्यासारखाच चालवायचा, पण नफा मालकाच्या खिशात न जाता एखाद्या सामाजिक प्रश्नावर लागायचा, ही त्यांची ‘सोशल बिझनेस’ची कल्पना. दोघं बांगलादेशात जाऊन त्यांना भेटून आले आणि २०१२मध्ये एडिंबरात ‘सोशल बाइट’ नावाचं सँडविचचं छोटं दुकान उघडलं.

तेव्हा बेघरांचा विषय त्यांच्या डोक्यात नव्हता. दुकानाबाहेर एक बेघर तरुण ‘बिग इश्यू’ हे मासिक विकत उभा असायचा. बेघरांनी विकून चार पैसे कमवावेत म्हणूनच ते मासिक निघतं. एक दिवस तो आत आला आणि म्हणाला, मला काम द्याल का? त्यांनी त्याला भटारखान्यात लावलं. काही दिवसांनी त्याने आपल्या भावासाठी शब्द टाकला. मग आणखी कुणाचं नाव आलं. असं करता करता, दर चार नोकरांमागे एक रस्त्यावरून आलेला असावा, असं धोरणच ठरलं. गिऱ्हाईक आपल्या कॉफीबरोबर आणखी एका कॉफीचे पैसे आगाऊ ठेवून जाऊ शकतं. बेघर माणूस येऊन ती घेतो. (माहीमच्या गल्ल्यावर हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, हे एडिंबरावाल्यांना कुणीतरी कळवायला हवं.) २०१५मध्ये जॉर्ज क्लूनी हा सिनेनट तिथे सँडविच घ्यायला आला आणि दुकान जगभर गाजलं.

पण गाजण्यापेक्षा मला त्यांची पुढची पावलं महत्त्वाची वाटतात. नोकरी दिली तरी माणूस रात्री झोपणार कुठे? दिवसभर सँडविच करून रात्री दहा जणांच्या खोलीत, शेजारी नशा करणाऱ्यांच्या संगतीत पडायचं आणि सकाळी सातला हसतमुखाने हजर व्हायचं, हे किती दिवस चालेल? म्हणून डिसेंबर २०१७मध्ये त्यांनी शहराच्या बागेत आठ हजारांवर लोकांना कडाक्याच्या थंडीत एक रात्र उघड्यावर झोपवून निधी जमवला. २०१८मध्ये शहराच्या उत्तरेला छोट्या लाकडी घरांची वीसेक माणसांची वस्ती उभी केली. सँडविचच्या दुकानाला घरं बांधावी लागली! बेघराला काम शिकवू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे आधीच गृहीत धरलेलं बरं.

तिसरं उदाहरण इस्तंबूलचं, आणि आमच्या वाचकांना ते जास्त जवळचं वाटेल. तुर्कस्तानात ‘अस्किदा एकमेक’ म्हणजे खुंटीवरची रोटी, अशी जुनी प्रथा आहे. बेकरीत दोन रोट्यांचे पैसे द्यायचे, एक घरी न्यायची, दुसरी गरजूसाठी खुंटीवर ठेवायची. त्याच शहरात, बेयोग्लू भागात २०१७मध्ये ‘हयाता सारिल’ नावाचं हॉटेल सुरू झालं. नावाचा अर्थ, आयुष्याला कवटाळ. ‘हयात’ हा शब्द आपल्याला सांगायची गरजच नाही. ते सुरू करणाऱ्या आयशे तुक्रुक्चू या बाईंनी आयुष्यात काय काय भोगलं, ते त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. नवऱ्याने वेश्यागृहात विकलेली, तिथून सुटल्यावर रस्त्यावर राहिलेली ही बाई २००७मध्ये संसदेच्या निवडणुकीला अपक्ष म्हणून उभी राहिली होती.

त्यांच्या हॉटेलात दिवसा नेहमीसारखं गिऱ्हाईक येतं, पैसे देऊन जेवतं. संध्याकाळी उशिरा तीच टेबलं बेघरांसाठी मांडली जातात. बाहेर रांग नाही. आत बसायचं आणि ताट टेबलावर येणार. शिजवणारे आणि वाढणारे यांच्यात रस्त्यावर राहिलेले, तुरुंगातून आलेले लोक आहेत. शहरातल्या नावाजलेल्या आचाऱ्यांनी पदार्थ ठरवायला मदत केली. या सगळ्या उदाहरणांत मला हे सर्वात पटतं, कारण इथे मालकीणच त्या पायरीवरून आलेली आहे. कोण कामावर येऊन का पळून जातो, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

आपल्या देशातही सुरुवात झालेली आहे. दिल्लीत ‘बटरफ्लाइज’ संस्थेने रस्त्यावर वाढलेल्या मुलांसाठी स्वयंपाक आणि केटरिंगची शाळा काढली. कोलकात्यात ‘ईश्वर संकल्प’ ही संस्था रस्त्यावर आढळलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना आसरा देते, आणि त्यांच्यातल्या बऱ्या झालेल्या काही जणी कॅफे-बेकरीत काम करतात. बाईमाणसाला रस्त्यावर राहणं पुरुषाहून किती कठीण असतं ते वेगळं सांगायला नको. माहीमच्या त्या रांगेत बायका फारशा दिसत नाहीत, याचा अर्थ त्या नाहीत असा नव्हे.

हे सगळं वाचून कुणाला उत्साह आला असेल तर थोडं थंड पाणीही शिंपडतो. जेमी ऑलिव्हर या प्रसिद्ध ब्रिटिश शेफने २००२मध्ये लंडनमध्ये ‘फिफ्टीन’ नावाचं हॉटेल काढलं. पंधरा बेकार तरुणांना घेऊन त्यांना आचारी बनवायचं, अशी कल्पना. त्यावर दूरदर्शन मालिका झाली, नाव झालं. मे २०१९मध्ये त्याचा हॉटेलांचा सगळा डोलारा कोसळला, हजारेक लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि ‘फिफ्टीन’लाही कुलूप लागलं. हॉटेलचा धंदाच असा आहे. भाडं, गॅस, भाजीचे भाव, एक वाईट मोसम, खेळ खलास. त्यात शिकाऊ माणसांवर चालणारं हॉटेल नेहमीच्या हॉटेलापेक्षा महागच पडतं. दोन माणसांचं काम तिघं करतात, एक ताट परत येतं, वस्तादाचा अर्धा वेळ शिकवण्यात जातो. गिऱ्हाईक एकदा दयेपोटी येईल, दुसऱ्यांदा चवीसाठीच येईल. म्हणून विक्रीतून खर्च निघाला पाहिजे, पण शिकवण्याचा खर्च विक्रीतून निघेल अशी आशा धरू नये. तो फरक कुणीतरी भरावा लागतो.

तो फरक जकातीतून भरता येईल का? ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर राहते, त्याने तिचा अडीच टक्के भाग गरजूंना द्यायचा, ही जकात. बहुतेक लोक ती रमजानमध्ये काढतात. कुरआनच्या सूरह तौबामध्ये तिचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यात फकीर आणि मिस्कीन सर्वांत आधी येतात, कर्जात बुडालेले आहेत, घरापासून दूर पडलेला वाटसरूही आहे. बेघर माणूस यांपैकी कशात बसत नाही?

अडचण आहे ती देण्याच्या पद्धतीत. हनफी मसलकात ‘तमलीक’ची अट आहे. जकात घेणाऱ्याच्या मालकीची झाली पाहिजे. ती इमारतीत, चुलीत किंवा वस्तादाच्या पगारात घालता येत नाही. मग विद्यावेतन म्हणून ती थेट शिकणाऱ्याच्या हातात द्यावी, असा सरळ मार्ग निघतो. तीन महिने त्याला पोट भरण्याची आणि झोपायच्या जागेची चिंता राहिली नाही, तरच तो कांदा चिरायला शिकेल. चुलीचा, जागेचा खर्च इतर देणग्यांतून, वक्फच्या उत्पन्नातून किंवा कंपन्यांच्या सीएसआर निधीतून भागवावा.

आमच्या कोकणातले मुसलमान बहुतांश शाफई मसलकाचे. त्यांच्या जुन्या फिकहच्या ग्रंथांत तर याबद्दल फार व्यवहारी चर्चा आहे. ज्याला हुन्नर येतं त्याला त्याच्या धंद्याची अवजारं किंवा भांडवल घेता येईल इतकी जकात द्यावी, मग ती रक्कम लहान असो वा मोठी, असं इमाम नववींसारखे विद्वान लिहून गेले. भाजी विकणाऱ्याला पाच-दहा दिरहम पुरतील, जवाहिऱ्याला दहा हजार लागतील, असा त्यांचा हिशोब. कुऱ्हाडीच्या पात्याचाच हा विस्तार झाला. आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. बहुसंख्य उलेमांच्या मते जकात मुसलमानालाच देता येते, पण नफिल सदका कुणालाही. त्या पायरीखालची रांग तर सर्व धर्मांची आहे. हिशोबाच्या वह्या दोन ठेवाव्या लागतील, भटारखाना एकच राहील. बारीक मसले मुफ्तींकडून समजून घ्यावेत. आकडा मात्र कुणालाही समजेल असा आहे. समजा, महिना दहा हजार विद्यावेतन धरलं तर तीन महिन्यांचे तीस हजार होतात. बारा लाखांच्या बचतीवर निघणारी जकात तेवढीच आहे.

पैशाहून अवघड गोष्टी दुसऱ्या आहेत. २०११च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. त्यातले दोन लाखांवर महाराष्ट्रात, उत्तर प्रदेशाखालोखाल. शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा केंद्र असावं, असं धोरण आहे. पण केंद्राचं दार रात्री ठरल्या वेळी बंद होणार आणि हॉटेलची पाळी रात्री एकला संपणार असेल, तर माणसाने जायचं कुठे? पत्ता नाही म्हणून कागद नाहीत, कागद नाहीत म्हणून मालक ठेवत नाही. मालकाचीही चूक म्हणवत नाही, उद्या पोलीस विचारतील तेव्हा उत्तर त्यालाच द्यायचं असतं. त्यात १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. उपजीविकेचं दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणं किंवा थांबून राहणं, हेसुद्धा या कायद्याने ‘भीक मागण्या’त धरलं आहे, आणि त्यासाठी माणसाला वर्षानुवर्षं डांबून ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये या कायद्यातली मुख्य कलमं दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात, जिथे तो जन्मला, तिथे तो उभाच आहे. मदिनेत मागायला आलेल्याला कुऱ्हाड मिळाली होती. इथे पायरीखाली गप्प बसलेल्याला गाडीत घालून नेता येतं.

म्हणूनच एखाद्या हॉटेलवाल्याने एकट्याने भलेपणा दाखवून भागत नाही. माणूस ओळखून त्याच्या कागदांची खटपट करणारी एक संस्था हवी, रात्री उशिरा दार उघडणारी एक जागा हवी आणि शिकवण्याचा धीर असलेला एक वस्ताद हवा. आमच्या मुहल्ल्यांतली एक सोय इथे उपयोगी पडेल. व्यसनातून उठलेल्या माणसासाठी पाश्चात्त्य हॉटेलचा भटारखाना धोक्याचा असतो, कारण दारूचं कपाट हातभर अंतरावर असतं. हलाल हॉटेलात तो प्रश्नच येत नाही.

आणि सुरुवात करायला नवं हॉटेल काढायचीही गरज नाही. रमजानमध्ये मुहम्मद अली रोडपासून भिवंडी-मालेगावपर्यंत खाण्याच्या मांडवांवर महिनाभरासाठी जादा हात घेतले जातात. कांदा सोलायला, शीग भाजायला, मालपुव्याची कढई सांभाळायला, मोरीवर. ईदचा चाँद दिसला की मांडव उतरतात आणि हे हात मोकळे होतात. त्यात कुणी असा असतोच, जो महिनाभर रोज वेळेवर आला, ज्याने भांडण केलं नाही आणि जो रात्री काम संपल्यावर कुठे जातो हे कुणालाच माहीत नव्हतं. मालकाने त्याला ईदच्या तिसऱ्या दिवशी परत बोलवावं, वस्तादाच्या हाताखाली उभं करावं आणि मशिदीच्या जकात कमिटीकडे त्याच्या तीन महिन्यांच्या विद्यावेतनाची गोष्ट काढावी. शव्वाल महिन्यात कमिटीच्या कचेरीत फारशी गर्दी नसते.